जुनी चेनसॉ घेण्यापूर्वी तिचे साल वाचावे

१.
वाचकहो, आजचा धागा एका वाचकमित्राच्या प्रश्नावरून सुचला. ते अमेरिकेतील ओरेगन राज्यात राहतात. हिवाळी वादळात त्यांच्या घरामागचा डग्लस फरचा एक थोराड वृक्ष आडवा झाला आहे. तो कापायला चेनसॉ, म्हणजे इंजिनावर चालणारी साखळीची करवत, हवी. शेजारच्या गावी कुणाच्या तरी गॅरेजमधील जुन्या सामानात १९६० च्या दशकातली एक करवत निघाली आहे आणि ती नव्याच्या चौथाई किमतीत मिळते आहे. विकणारा म्हणतो, "अशी भक्कम यंत्रे आता बनत नाहीत." मित्र विचारतात : जुने ते सोने म्हणून घ्यावी, की चार हात दूर राहावे?

२.
प्रश्न बाजाराचा दिसतो, पण उत्तर इतिहासात सापडते. चेनसॉमधील प्रत्येक सुधारणा कोणत्या तरी ठराविक काळात आली. त्या काळाच्या आधीच्या यंत्रात ती नाही, आणि बहुतेक सुधारणा अशा आहेत की त्या मागाहून बसवता येत नाहीत. त्यामुळे करवतीचे साल कळले, की तिच्यात काय आहे यापेक्षा काय नाही हे आधी कळते. जुन्या यंत्राचा सौदा करताना हीच माहिती सर्वांत मोलाची असते. आता आरंभापासून क्रमाने पाहू.

३.
चेनसॉचा शोध बाळंतपणासाठी लागला, हे वाक्य आपण वाचले असेल. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री या स्कॉटिश वैद्यांनी दातेरी कड्यांची, लवचिक, हाताने ओढायची साखळी वापरात आणली. अडलेल्या बाळंतिणीच्या ओटीपोटाकडचा सांधा मोकळा करणे आणि रोगट हाडाचा भाग काढणे, ही तिची कामे. १८३० मध्ये जर्मन वैद्य बर्नहार्ड हाइने यांनी हाड कापण्याचे एक उपकरण रचले. त्यात पट्टीभोवती फिरणारी अखंड साखळी हाताच्या दांड्याने चाले. आजच्या चेनसॉची आकृती येथे प्रथम स्पष्ट दिसते. इंजिन मात्र अजून बरेच दूर होते.

४.
लाकडासाठी अखंड साखळीची कल्पना पुढे आली ती कॅलिफोर्नियात. तेथील रेडवुड वृक्षांचे बुंधे इतके रुंद, की दोघांनी ओढायच्या करवतीने एकेक वृक्ष पाडायला दिवसच्या दिवस जात. सॅन फ्रान्सिस्कोच्या सॅम्युअल बेन्स यांना १९०५ मध्ये अशा यंत्राचे पेटंट मिळाले. प्रत्यक्ष उपयोगी यंत्रे जर्मनीत घडली. आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवरची करवत बनवली. १९२७ मध्ये एमिल लेर्प यांनी थुरिंगियातील डोलमार नावाच्या डोंगरावर आपली पेट्रोल करवत चालवून पाहिली आणि त्या डोंगराचेच नाव पुढे कंपनीला दिले. तिचे वजन ५८ किलो होते. १९२९ मध्ये श्टील यांचीही पेट्रोल करवत आली : ४६ किलो वजन, ६ अश्वशक्ती.

५.
ही यंत्रे दोन माणसांनी दोन टोकांना धरायची असत. वजनाखेरीज आणखी एक अडचण होती. त्यांच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता गोळा असे, जुन्या स्कूटरमध्ये असतो तसा. यंत्र आडवे केले की गोळ्याचा हिशेब चुकायचा आणि इंजिन बंद पडायचे. उभे झाड कापताना पाते आडवे हवे, पण इंजिन उभेच राहायला हवे. म्हणून अनेक करवतींत पाते इंजिनापासून वेगळे वळवता येईल अशी सोय केलेली असे. आज असे यंत्र बाजारात दिसले तर ते संग्रहासाठी आहे हे निःशंक समजावे. त्याने काम करण्याचा विचार मनात आणू नये.

६.
दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. तरंगत्या गोळ्याच्या जागी लवचिक पडद्याचा, म्हणजे डायफ्रॅमचा कार्ब्युरेटर आला आणि करवत कशीही धरली तरी इंजिन चालू लागले. हलके धातू युद्धकाळात कारखान्यांच्या हाताखालचे झाले होते. १९४९ मध्ये अमेरिकेतील मॅककलक कंपनीने सुमारे ११ किलोची, एका माणसाने चालवायची करवत आणली. १९५० मध्ये श्टीलची १६ किलोची एकट्याची करवत आली. इतिहासप्रेमींसाठी एक गोष्ट जाता जाता : लंडनचा जुना पूल १९६८ मध्ये विकत घेऊन, दगड दगड सुटा करून ॲरिझोनाच्या वाळवंटात नेऊन उभा करणारे रॉबर्ट मॅककलक ते हेच.

७.
इंजिन हलके झाले, तरी साखळीचे दात जुन्याच वळणाचे होते. ते लाकूड खरवडत, लवकर बोथट होत आणि त्यांना धार लावण्यात फार वेळ जाई. १९४६ मध्ये ओरेगनमधील लाकूडतोडे जोसेफ ब्युफर्ड कॉक्स यांनी एका ओंडक्यात भुंगेऱ्याची अळी लाकूड पोखरताना पाहिली. अळी आपल्या जबड्याने डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे लाकूड कातरत होती. रेषांच्या दिशेने आणि रेषांना आडवे, दोन्हीकडे तिचे काम सारख्याच सफाईने चालले होते. कॉक्स यांनी तोच घाट पोलादात उतरवला आणि १९४७ मध्ये पोर्टलंड येथे साखळ्यांचा कारखाना काढला. आजच्या जवळजवळ प्रत्येक चेनसॉची साखळी त्याच कल्पनेवर चालते. आमच्या मित्रांचे गाव त्याच राज्यातले, हा योगायोग.

८.
१९५९ मध्ये श्टीलची 'कॉन्ट्रा' आली. वजन १२ किलो, शक्ती ६ अश्वशक्ती. वरचा १९२९ चा आकडा आठवावा. शक्ती तितकीच, वजन मात्र तीस वर्षांत चौथ्या हिश्श्यावर आले. इंजिन आणि साखळी यांमधील दातेरी चक्रांची पेटी काढून टाकल्याने साखळी थेट इंजिनाच्या वेगाने फिरू लागली. त्याच वर्षी स्वीडनच्या हुस्कवर्ना कंपनीनेही आपली पहिली चेनसॉ बाजारात आणली. ही कंपनी १६८९ मध्ये बंदुकांचा कारखाना म्हणून सुरू झालेली. उत्तर अमेरिका आणि युरोपच्या जंगलांत हातकरवतीचा काळ येथे संपत आला.

९.
१९६० च्या दशकातील करवतीचे लोकांना आकर्षण वाटते ते याचमुळे, आणि ते निराधार नाही. मॅग्नेशियमची ओतीव चौकट, जाड भिंतीचे सिलिंडर, चार पान्यांनी उघडता येईल अशी रचना. साध्या पकड-पान्याने दुरुस्त होणारी यंत्रे आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकांनाही प्रिय होती, लुना आठवावी. विकणारा भक्कमपणाची ग्वाही देतो तेव्हा तो खोटे बोलत नाही. त्याचे बोलणे यंत्रापुरते खरे आहे. ते हातात धरणाऱ्या माणसाचे काय झाले, हा इतिहासाचा पुढचा अध्याय आहे.

१०.
फ्रेंच वैद्य मॉरिस रेनो यांनी १८६२ मध्ये एका विकाराचे वर्णन केले. थंडीत बोटांचा रक्तपुरवठा तुटतो, बोटे पांढरीफटक पडतात, बधिर होतात. १९१८ मध्ये डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी इंडियाना राज्यातील बेडफर्ड येथील दगडफोड्यांच्या बोटांत हेच पाहिले. हवेच्या दाबाने चालणाऱ्या हातोड्याचे हादरे हे त्याचे कारण होते. यंत्राचे हादरे हात कायमचे निकामी करू शकतात, ही गोष्ट म्हणजे एकट्याची चेनसॉ येण्याच्या तीस वर्षे आधी छापून झालेली होती. तरीही चेनसॉच्या मुठी थेट इंजिनाच्या अंगावर बसवल्या गेल्या.

११.
परिणाम व्हायचा तोच झाला. १९६० च्या दशकात देशोदेशींच्या वनकामगारांत 'पांढऱ्या बोटांचा' विकार आढळू लागला. दिवसाचे कित्येक तास करवत धरणाऱ्या माणसाला पुढे सदऱ्याचे बटण लावणेही अवघड होई. मग उत्पादकांनी मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये रबर घालायला सुरुवात केली. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून अशा मुठी दिसू लागल्या. १९६९ मध्ये हुस्कवर्नाच्या १८० क्रमांकाच्या करवतीत ही योजना मूळ रचनेचाच भाग होती. ब्रिटनमध्ये या विकाराला व्यवसायजन्य आजार म्हणून भरपाईच्या यादीत स्थान मिळायला मात्र १९८५ उजाडले.

१२.
दुसरा धोका एका क्षणाचा आहे. चेनसॉचे पाते जिथे संपते त्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग लाकडाला टेकला, तर साखळीचा सगळा जोर पात्यालाच उलटा ढकलतो. करवत वर आणि मागे, चालवणाऱ्याच्या चेहऱ्याच्या आणि मानेच्या दिशेने उसळते. साखळीचा वेग सेकंदाला २० मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी सुमारे ७० किलोमीटर असतो. मेंदूने हाताला 'सोड' म्हणेपर्यंत जे घडायचे ते घडून जाते. ही उसळी कौशल्याने टाळता येते, पण एकदा सुरू झाली की कौशल्याला अवधी उरत नाही. पडलेल्या झाडाच्या फांद्यांच्या गुंत्यात टोक कशाला लागते आहे हे पुष्कळदा दिसतही नाही.

१३.
यावरचा उपाय १९७० च्या दशकाच्या आरंभी आला : साखळीचा ब्रेक. पुढच्या मुठीसमोर एक दांडा बसवला. करवत उसळली की डावा हात त्या दांड्यावर आपटतो, ब्रेक लागतो आणि सेकंदाच्या अल्पशा अंशात साखळी थांबते. पुढे अशी रचना आली की हात आपटण्याचीही गरज उरली नाही, उसळीच्या झटक्यानेच ब्रेक लागू लागला. त्याच पिढीत आणखी लहान सुधारणा झाल्या. तुटलेली साखळी अडवणारी खुंटी, मागच्या हाताखाली रुंद संरक्षण, आणि मूठ नीट पकडल्याशिवाय गती न वाढू देणारा खटका. किरकोळ दिसणाऱ्या या भागांमागे किती जायबंदी हात आणि चेहरे असतील याची कल्पना करावी.

१४.
येथे खरेदीची पहिली कसोटी मिळते. करवत १९७० च्या आधीची असेल तर ब्रेक नाही, असे गृहीत धरावे. १९७० च्या दशकातील असेल तर काहींत आहे, काहींत नाही. १९८० च्या दशकापासून तो सर्रास दिसतो. साल केवळ संशय कुठे घ्यायचा ते सांगते, खात्री यंत्रावरच करावी. एक फसगत टाळावी : १९६० च्या दशकातील काही करवतींना पुढे हातसंरक्षक पट्टी असते, पण ती नुसतीच पट्टी असते, ब्रेकशी तिचा संबंध नसतो. पुढे ढकलल्यावर ती 'खट्' करून बसली आणि मग साखळी हाताने ओढूनही हलली नाही, तरच तो ब्रेक.

१५.
दुसरी कसोटी वंशावळीची. यंत्राची कंपनी आज कुठे आहे? मूळ मॅककलक कंपनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस दिवाळखोरीत गेली आणि ते नाव आज हुस्कवर्नाकडे आहे. डोलमार १९९१ मध्ये जपानच्या मकिताने घेतली आणि मकितानेही २०२२ मध्ये पेट्रोल इंजिनांचे उत्पादन थांबवले. नाव जिवंत आहे म्हणजे सुटे भाग मिळतील, असे नाही. साखळीचेही तसेच. जुन्या करवतींच्या साखळ्यांची कडी पुष्कळदा अर्ध्या इंचाच्या किंवा सात-षोडशांश इंचाच्या मापाची असत. ती मापे आज सामान्य दुकानात सहसा सापडत नाहीत. स्वस्तात घेतलेल्या यंत्राची साखळी शोधताना वाचलेले पैसे आणि महिना दोन्ही खर्ची पडतात.

१६.
तिसरी कसोटी इंधनाची. या टू-स्ट्रोक इंजिनांत वंगण पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. १९६० च्या दशकातील अनेक यंत्रे १६ भाग पेट्रोलला १ भाग तेल मागत, आजची चांगल्या तेलावर ५०ला १ मागतात. तेवढ्याने भागते. खरी अडचण इथेनॉलची आहे. अमेरिकेत पंपावरच्या बहुतेक पेट्रोलमध्ये ते सुमारे १० टक्के असते, आणि भारताने २०२५ मध्ये २० टक्क्यांची मजल गाठली, ज्यात महाराष्ट्रातील उसाचाही वाटा आहे. जुन्या काळच्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरचे पडदे या मिश्रणाचा विचार करून बनलेले नव्हते. ते फुगतात, कडक होतात, भेगाळतात. नळी गळून तापलेल्या सायलेन्सरवर पेट्रोल ठिबकले तर काय होईल, हे सांगायला नको.

१७.
आता प्रत्यक्ष पाहणी. विक्रेत्याला आधीच सांगावे की यंत्र गरम करून ठेवू नका. तापलेले इंजिन लगेच चालू होते आणि दोष झाकते. दोरी सावकाश ओढून इंजिनाचा दाब हाताला जाणवतो का पाहावे. शक्य तर सायलेन्सर काढून बॅटरीच्या उजेडात पिस्टन पाहावा. उभे ओरखडे दिसले तर इंजिन कधी तरी तेलाविना चालले आहे. करवत सुरू केल्यावर गती आपोआप वरखाली होत असेल, तर ऑइल सील गेले असण्याचा संभव आहे. गती सोडल्यावर साखळी पूर्ण थांबली पाहिजे. मुठींजवळची रबरे दाबून भेगा तपासाव्यात. पट्टीच्या कडा समान झिजल्या आहेत का, पात्यावर तेल येते का, हे शेवटी पाहावे. ज्या करवतींत तेलाचा पंप अंगठ्याने दाबावा लागतो त्यांत तो विसरला की पट्टी जळते.

१८.
मग जुनी करवत कधीच घेऊ नये काय? तसे नाही. १९८० आणि १९९० च्या दशकांतील व्यावसायिक दर्जाच्या करवतींत मॅग्नेशियमची चौकट, रबरावर तोललेल्या मुठी आणि साखळीचा ब्रेक असे सर्व एकत्र मिळते. वापर नीट झाला असेल आणि भाग मिळत असतील, तर अशी वापरलेली करवत घरगुती वापराच्या स्वस्त नव्या करवतीपेक्षा सरस ठरू शकते. १९९७ पासून अमेरिकेत लहान इंजिनांच्या धुरावर नियम आले, त्यामुळे त्यापूर्वीची यंत्रे अधिक धूर करतील आणि अधिक पेट्रोल पितील, एवढे गृहीत धरावे. जुनेपणाचा दोष एकसारखा नसतो. ब्रेकच्या अलीकडचे जुने आणि पलीकडचे जुने, या दोन भिन्न वस्तू आहेत.

१९.
मित्रांनी विक्रीतल्या करवतीचे फोटो पाठवले. मुठी थेट इंजिनाच्या अंगावर. पुढे दांडा नाही, पट्टीही नाही. रंग सुरेख, नाममुद्रा शाबूत. त्यांना लिहिले ते असे : "यंत्र प्रामाणिक आहे आणि आपल्या काळाचा उत्तम नमुना आहे. संग्रहासाठी हवे असेल तर जरूर घ्या, पेट्रोल काढून टाका, पुसून फडताळात ठेवा. मात्र झाड कापायला ते वापरू नका. वादळात पडलेल्या झाडाच्या फांद्या ताणलेल्या धनुष्यासारख्या असतात आणि आपण एकटेच कापणार आहात. त्या कामासाठी ब्रेक असलेली करवत घ्या, आणि बुंधा फार मोठा असेल तर जाणत्या माणसालाच बोलवा."

२०.
३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि कोकणात नारळ, सुपारी, आंब्याच्या बागा आडव्या झाल्या. अशा वेळी मोठे झाड एकाच दिवसात बाजूला करायचे असते. हाताशी येईल ते 'कटर' उचलावे असे वाटते आणि त्याचे साल कुणी विचारत नाही. म्हणून हा धागा ओरेगनपुरता नाही. जुने यंत्र हातात आले की आधी पुढच्या मुठीसमोरचा दांडा शोधावा, तो पुढे ढकलून पाहावा. त्या दांड्यासाठी एका पिढीने फार मोठी किंमत मोजली आहे. चार पैसे वाचवण्यासाठी ती पुन्हा मोजण्याचे कारण नाही.

धागा समाप्त. आपल्या घरात, वाडीत किंवा गावच्या वखारीत जुनी चेनसॉ असेल तर तिच्यावरील नाममुद्रा आणि क्रमांक टिपून ठेवा. ती कोणत्या काळची, हे मिळून शोधू.